हस्तिनापूरच्या गादीचा नियम: बाजूला सारलेल्या थोरल्याच्या मुलाचे काय?

धागाकर्ती

सुट्टीत घरी आलेल्या भाच्याला कुरुवंशाची वंशावळ समजावून द्यायची म्हणून जुन्या कॅलेंडरचे एक पान उलटे केले आणि त्यावर रेघा ओढायला बसले. प्रतीपापासून सुरुवात केली, शंतनूवर आले, पुढे सत्यवती, विचित्रवीर्य आणि मग धृतराष्ट्र व पांडू. ज्यांना राज्य मिळाले त्यांची नावे ठळक आणि ज्यांना मिळाले नाही त्यांची कंसात, असे मी ठरवले होते. धृतराष्ट्राला कंस केला आणि त्याखाली दुर्योधनालाही केला, तेव्हा भाच्याने विचारले, "मावशी, दिसत नव्हते ते त्याच्या बाबांना ना? मग याला कंस कशासाठी?" मी उत्तर द्यायला गेले आणि माझ्या लक्षात आले की मला ते नीटसे देता येत नाही. म्हणून हा धागा काढते आहे. हस्तिनापूर इतिहासात कसे होते हा वाद कृपया येथे नको. महाकाव्याने ते जसे उभे केले आहे तसे, काव्यातले राज्य म्हणूनच मी ते धरले आहे.

उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर कृष्ण उपप्लव्याला, पांडवांच्या मुक्कामी, परततो आणि कौरवसभेत कोण काय बोलले ते युधिष्ठिराला सांगतो. त्यात खुद्द धृतराष्ट्राचे एक भाषण आहे, आणि माझ्या मते वारसाहक्कावरचे संपूर्ण महाभारतातले हे सर्वांत महत्त्वाचे भाषण आहे. तो दुर्योधनाला आपल्याच कुळातले दाखले देतो. ययातीचा थोरला मुलगा यदू गर्विष्ठ निघाला, त्याने बापाचा शब्द मोडला, म्हणून सर्वांत धाकट्या पुरूला राज्य मिळाले. प्रतीपाचा थोरला मुलगा देवापी सत्यवादी होता, नगरातल्या आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांचा लाडका होता. पण त्याला त्वचेचा विकार होता. म्हाताऱ्या राजाने त्याच्या अभिषेकाची सामग्री जमवली, मंगलविधीही करून घेतले, आणि ऐन वेळी ब्राह्मण, कुळातले वृद्ध आणि प्रजाजन आडवे आले. अंगात व्यंग असलेला राजा देवतांना रुचत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. राजाचा कंठ दाटून आला, तो मुलासाठी शोक करीत राहिला आणि देवापी वनात निघून गेला. तिसरा दाखला धृतराष्ट्र स्वतःचाच देतो. मी थोरला होतो, पण अंगाने हीन म्हणून मला वगळून पांडूला राज्य दिले गेले, आणि पांडूच्या पश्चात ते त्याच्या मुलांचे आहे. ज्या राज्यात मलाच भाग नव्हता त्याची इच्छा तू कशी धरतोस, तू राजपुत्र नाहीस, असे बाप मुलाला सांगतो.

भाषण वाचताना पटते. पण कागदावरच्या रेघांकडे पाहिले की शंका उरते. पहिल्या दोन दाखल्यांनी एवढेच सिद्ध होते की थोरल्याला वगळता येते. थोरल्याला एकदा वगळले की त्याची पुढची सगळी शाखा वगळली जाते, हे त्यांतून कोठे सिद्ध होते? तो दोष त्या माणसापुरता होता की त्याच्या रक्ताला कायमचा चिकटला? दुर्योधनाच्या वागण्याचे समर्थन मला मुळीच करायचे नाही. लाक्षागृह आणि द्यूत हे अपराध वेगळे आहेत. मला फक्त नियम समजून घ्यायचा आहे.

प्रतिसाद १: संहितावाचक

चांगला प्रश्न मांडलात. आधी दाखल्यांकडेच जरा जवळून पाहू या, कारण ते वरवर दिसतात तितके एकसुरी नाहीत.

देवापीची हकीकत महाभारतातच दोन प्रकारे येते. उद्योगपर्वात त्याला प्रजा अडवते, तर आदिपर्वातली एक वंशावळ त्याला लहानपणीच अरण्यात पाठवून मोकळी होते. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या ग्रंथात, हीच गोष्ट तिसऱ्या अंगाने सांगितलेली आहे. तेथे धाकटा शंतनू स्वतःला अभिषेक करून घेतो, देवापी तपाला जातो आणि राज्यात बारा वर्षे पाऊस पडत नाही. थोरल्याला डावलून अभिषेक करून घेतलास, हा अधर्म झाला, असे ब्राह्मण शंतनूला सांगतात. तो देवापीकडे जाऊन राज्य देऊ करतो. देवापी ते घेत नाही, मी तुझा पुरोहित होतो आणि यज्ञ करवतो, असे म्हणतो, आणि मग पाऊस येतो. म्हणजे थोरल्याला डावलण्याचा सल परंपरेच्या मनात होता. एका रूपात तो दुष्काळ होऊन बाहेर येतो, दुसऱ्या रूपात म्हाताऱ्या बापाच्या डोळ्यांतले पाणी होऊन.

दुसरी गोष्ट बाह्लीकाची, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. धृतराष्ट्राच्या त्याच भाषणात भावांचा क्रम दिला आहे: देवापी थोरला, बाह्लीक मधला, शंतनू तिसरा. बाह्लीक बाप आणि भाऊ यांना सोडून मामाच्या घरी गेला होता आणि तिकडचे संपन्न राज्य त्याला मिळाले होते. तरीही प्रतीपाच्या मृत्यूनंतर शंतनू राजा झाला तो बाह्लीकाच्या अनुज्ञेने, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ही अनुज्ञा का लागावी? कारण देवापी दूर झाल्यावर हक्क आपोआप क्रमाने पुढच्याकडे गेला होता, आणि ज्याच्याकडे गेला त्याने तो सोडल्याशिवाय तिसऱ्याला तो घेता येत नव्हता. राजाने मर्जीने कोणालाही गादीवर बसवावे असा हा कारभार नव्हता. माझ्या मते हस्तिनापुरात ज्येष्ठत्वाचा नियम पक्का होता, आणि बाकीचे सारे त्याला पडलेले अपवाद होते.

प्रतिसाद २: दिवाणी वकील

माझे सारे आयुष्य वाटणीच्या दाव्यांत गेले, त्यामुळे हा धागा वाचून राहवले नाही.

मूळ प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्रात आहे, आणि ते अनेकांना अनपेक्षित वाटेल. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ज्यांना वाटा नाही अशांची यादी आहे आणि तीत जन्मांधाचा उल्लेख थेट केलेला आहे. त्यांना अन्नवस्त्र द्यावे, पण अंश देऊ नये, असे मनू सांगतो. मात्र लगेच पुढे तो असेही म्हणतो की अशा माणसाने विवाह केला आणि त्याला अपत्य झाले, तर ते अपत्य दायाला, म्हणजे वारशाच्या मालमत्तेला, पात्र आहे. याज्ञवल्क्य अधिक नेमके बोलतो: वगळलेल्यांचे औरस (स्वतःपासून झालेले) किंवा क्षेत्रज (नियोगाने, म्हणजे पतीऐवजी नेमलेल्या पुरुषापासून पत्नीला झालेले) पुत्र स्वतः निर्दोष असतील तर ते भागाचे धनी आहेत. म्हणजे दोष माणसापुरता, रक्ताला नव्हे. तुमच्या भाच्याने हातातली पेन्सिल रोखून जे विचारले ते याज्ञवल्क्याने लिहूनच ठेवले आहे.

पण दुर्योधनाची बाजू एवढ्याने जिंकत नाही. वारसा उघडतो, म्हणजे मालमत्ता वारसाकडे जायची वेळ येते, त्या क्षणी कोण हयात आहे, हे पाहावे लागते. आदिपर्वाचा क्रम पाहा: धृतराष्ट्राला डोळे नाहीत आणि विदुराचा जन्म दासीच्या पोटी, म्हणून पांडू राजा झाला, हे आधी येते, गांधारीचा विवाह त्यानंतर. पांडूकडे राज्य गेले तेव्हा धृतराष्ट्राला मूल तर नव्हतेच, लग्नही झालेले नव्हते. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी हिंदू कायदा लावताना असेच धरले होते की अपात्र वारसाचा मुलगा वारसा उघडल्यानंतर जन्माला आला, तर एकदा दुसऱ्याकडे गेलेली मालमत्ता त्याला परत खेचता येत नाही. त्या कसोटीवर दुर्योधनाचा दावा मुदतबाह्य ठरतो.

आणखी एक अडचण आहे. हे सारे नियम वाटून घेता येणाऱ्या दायाचे आहेत. राज्य वाटायचे नसते, ते एकाकडे जायचे असते. कौटिल्यानेही राज्याचा विचार दायभागात, म्हणजे वारसावाटणीच्या प्रकरणात, केलेला नाही. तो राजपुत्रांच्या प्रकरणात म्हणतो की आपत्ती नसेल तर ऐश्वर्य ज्येष्ठाकडे जाणे प्रशस्त, आणि त्याच दमात असेही सुचवतो की राज्य सबंध कुळाचे असू शकते, कारण एकत्र राहिलेले कुळ जिंकायला अवघड असते.

जाता जाता, हा अपात्रतेचा नियम फार जुना झाला असे समजू नका. १९२८च्या कायद्याने तो बराचसा पुसला आणि १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ने रोग, दोष किंवा व्यंग यांवरून वारसा नाकारण्याची प्रथा संपवली. आंधळेपणामुळे वाट्याला मुकलेल्या माणसांच्या कहाण्या माझ्या आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. देवापीचा प्रसंग मला म्हणूनच कधी कोरडेपणाने वाचता येत नाही.

प्रतिसाद ३: सातारकर

आपल्याकडे १७०७ साली हाच प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला होता. संभाजी महाराजांच्या पश्चात शाहू लहान होता, म्हणून गादी राजाराम महाराजांकडे आली, आणि शाहू पुढे मोगलांच्या कैदेत गेला. १७०० साली त्यांचेही निधन झाले आणि ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवले. शाहू सुटून आला तेव्हा प्रश्न असा होता की धाकट्या भावाकडे गेलेली गादी त्याच्याच शाखेत राहावी की थोरल्या शाखेकडे परत यावी. ताराबाईंचे म्हणणे होते की पूर्वीचे राज्य गेले, राजारामांनी ते नव्याने उभे केले, म्हणून ते त्यांच्या मुलाचे. त्याचा निकाल खेडच्या लढाईत लागला आणि १७३१च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या मान्य झाल्या. हस्तिनापूर आणि इंद्रप्रस्थ या दोन गाद्या आठवल्याशिवाय राहत नाहीत.

धागाकर्ती

तुलना बोलकी आहे, पण एक भेद नोंदवून ठेवते. संभाजी महाराज प्रत्यक्ष राज्यावर होते, त्यांना कोणी अपात्र ठरवलेले नव्हते. त्यामुळे शाहूचा हक्क बापाच्या सिंहासनावर उभा होता. दुर्योधनाचा बाप वगळला गेलेला होता. आपला पेच तेथेच आहे, म्हणून चर्चा पुन्हा हस्तिनापुरात आणू या.

वकीलसाहेबांच्या मुद्द्यावर एक विचारावेसे वाटते. पांडू पुढे वनात गेला, शाप मिळाल्यावर त्याने अंगावरचे अलंकार काढून दिले, आता मी तपस्वी झालो असा निरोप हस्तिनापुरास धाडला आणि त्यानंतर राज्य धृतराष्ट्राने चालवले. तेव्हा वारसा दुसऱ्यांदा उघडला असे धरता येईल का? आणि तसे धरले तर त्या वेळी धृतराष्ट्र राजा होता की नुसता सांभाळणारा?

प्रतिसाद ४: संहितावाचक

याचे उत्तर नगरातल्या लोकांनी दिले आहे. पांडव मोठे झाल्यावर लोक चौकाचौकांत बोलू लागतात: डोळे नाहीत म्हणून धृतराष्ट्राला पूर्वी राज्य मिळाले नाही, मग तो आता राजा कसा असेल? भीष्माने तर राज्य केव्हाच नाकारले आहे, तेव्हा आपण थोरल्या पांडवालाच अभिषेक करू या. प्रजेच्या दृष्टीने धृतराष्ट्र हा सांभाळणाराच होता, कारभार त्याच्या हाती कितीही वर्षे राहिला तरी.

ही बोलणी दुर्योधनाच्या कानावर जातात, तो एकांतात बापाला गाठतो आणि जे बोलतो ते फार विचारपूर्वक बोललेले आहे. तो म्हणतो, तुमच्या व्यंगामुळे पांडूला राज्य मिळाले. आता पांडूचा वारस म्हणून युधिष्ठिराला मिळाले, तर त्याच्यानंतर त्याच्या मुलाला, मग त्याच्या मुलाला मिळत जाईल, आणि आम्ही मुलाबाळांसह राजवंशातून कायमचे बाहेर पडू, दुसऱ्याच्या अन्नावर जगणारे होऊ. या बोलण्यात मत्सर आहेच, पण धाग्यातला मूळ प्रश्नही त्यातच आहे. एका पिढीपुरता घेतलेला निर्णय कायमचा होऊ पाहतो आहे, हे त्याला दिसते.

आणि धृतराष्ट्राला हे त्याच्याही आधी दिसले होते. दुर्योधन जन्मला तेव्हा त्याने ब्राह्मण, भीष्म आणि विदुर यांना बोलावून विचारले की युधिष्ठिर कुळात थोरला आहे, त्याला राज्य मिळणार यावर आमचे काही म्हणणे नाही. पण त्याच्यानंतर तरी हा माझा मुलगा राजा होईल का? प्रश्न साधा होता, आणि हो किंवा नाही असे उत्तर मिळाले असते तरी पुढचे बरेच टळले असते. पण त्याच वेळी कोल्हेकुई सुरू झाली, सभेतल्यांनी अपशकुन सांगितले आणि विदुराने मुलाचा त्याग करण्याचा सल्ला दिला. वारसाच्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळाले नाही.

प्रतिसाद ५: निवृत्त शिक्षिका

मी तीस वर्षे संस्कृत शिकवले. या धाग्यात सत्यवतीचा बाप अजून कोणाला आठवला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण सबंध कथेत वारसाचा कायदा कोणाला खरोखर कळला असेल तर तो यमुनेकाठच्या त्या दाशराजाला.

देवव्रत रथातून त्याच्या दारी येतो, बरोबर वृद्ध क्षत्रिय आहेत. दाशराजा त्याचे आदराने स्वागत करतो आणि आपली अट सांगतो: माझ्या मुलीच्या पोटी येईल तोच राजा व्हावा. देवव्रत तेथल्या तेथे राज्यावरचा हक्क सोडतो. कोणीही बाप एवढ्यावर समाधानी झाला असता. पण दाशराजा म्हणतो, तुमच्या शब्दाबद्दल मला शंका नाही, शंका आहे ती तुमच्या अपत्याबद्दल. हक्क सोडणाऱ्याने तो स्वतःपुरता सोडला, त्याच्या मुलाने सोडलेला नाही, हे त्याने अचूक हेरले होते. आणि याला उत्तर म्हणून देवव्रताला आजन्म ब्रह्मचर्य पत्करावे लागले, तेव्हा तो भीष्म झाला.

आता हाच भीष्म दोन पिढ्यांनी काय करतो ते पाहा. धृतराष्ट्राला बाजूला ठेवून पांडू राजा झाला. वगळलेला थोरला घरातच आहे. त्याच्या मुलांचे काय, हा दाशराजाचा प्रश्न आता कोणी विचारायला हवा होता, आणि ज्याने त्या एका प्रश्नापायी आपले आयुष्य दिले त्याच्याइतका तो दुसऱ्या कोणाला सुचायला हवा होता? पण गांधारीला शंकराकडून शंभर पुत्रांचा वर मिळाला आहे, असे ब्राह्मणांकडून भीष्माच्या कानावर येते आणि तो वर ऐकून तोच तिच्या बापाकडे, सुबलाकडे, मागणी घालतो. मुलगा आंधळा म्हणून सुबल थोडा थबकतो, कुळ आणि कीर्ती पाहून हो म्हणतो. भीष्माला कुळ बुडण्याची भीती होती, आणि ती खरीच होती, कारण विचित्रवीर्य निपुत्रिक गेल्याचा घाव ताजा होता. त्या भीतीने त्याने वगळलेल्या थोरल्यासाठी शंभर मुलांची आई घरात आणली. वर्गात हा भाग शिकवताना मी दर वर्षी येथे थांबत असे.

धागाकर्ती

बाई, हे वाचून मी कॅलेंडरचे पान पुन्हा समोर घेतले आणि मला वाटते की माझ्या मूळ प्रश्नाची गाठ येथे सुटते.

हस्तिनापुरात थोरल्याला वगळण्याची रीत जुनी होती, पण त्या रितीचा एक न लिहिलेला अर्धा भाग होता: वगळलेला थोरला तेथे राहत नसे. यदूला वगळले आणि त्याचे कुळ वेगळे झाले, यादव म्हणून दुसरीकडे वाढले. (ज्या कृष्णाने पुरुवंशाच्या वारसासाठी शिष्टाई केली तो स्वतः त्या वगळलेल्या थोरल्याच्या कुळातला, हे आज प्रथमच माझ्या ध्यानात आले.) देवापी वनात गेला. बाह्लीक मामाकडे गेला आणि तेथलाच झाला. भीष्म राहिला, पण त्याने आपल्यामागे कोणी उरणार नाही अशी प्रतिज्ञा केली. प्रत्येक वेळी वगळलेली शाखा या ना त्या मार्गाने गादीच्या सावलीतून दूर केली गेली, म्हणून तिच्या पुढच्या पिढीच्या हक्काचा प्रश्न कधी निघालाच नाही आणि त्यावर नियमही झाला नाही. धृतराष्ट्र हा पहिला असा थोरला की ज्याला वगळले आणि तरीही घरात ठेवले, त्याचे लग्न लावले, आणि पांडू वनात गेल्यावर तर कारभारही त्याच्याच हाती दिला.

म्हणून धृतराष्ट्राचे ते भाषण मला आता वेगळे दिसते. त्याने दिलेले दाखले खरे होते. पण ज्या गोष्टीसाठी त्याने ते दिले त्या गोष्टीला ते लागू पडत नव्हते. यदू आणि देवापी यांच्याकडून त्याला एवढेच शिकता आले असते की आपण येथून जायला हवे होते.

प्रतिसाद ६: दिवाणी वकील

मान्य. न्यायालयात याला आम्ही 'दाखला वस्तुस्थितीवर वेगळा आहे' असे म्हणतो, आणि हा युक्तिवाद टिकला असता. दुर्योधनाचा दावा त्यानेही सिद्ध होत नाही, कारण पांडूचा अभिषेक आणि युधिष्ठिराचे ज्येष्ठत्व या दोन्ही गोष्टी त्याच्या विरुद्धच राहतात. परंतु विरुद्ध बाजूला आपला हक्क स्वयंसिद्ध आहे असे म्हणता आले नसते. अर्धे राज्य देण्याची तडजोड भीष्म आणि द्रोण यांनी सुचवली आणि ती स्वीकारली गेली, त्यावरून दोन्ही बाजू काठावर होत्या याची जाण वडीलधाऱ्यांना असावी असे मला वाटते.

प्रतिसाद ७: गोव्याहून

युधिष्ठिराच्या ज्येष्ठत्वाचा विषय निघाला आहे तर कर्णाला टाळता येणार नाही. युद्धाआधी कृष्ण कर्णाला रथात घेऊन नगराबाहेर जातो आणि त्याला जे सांगतो ते शुद्ध कायदेशीर बोलणे आहे: लग्नाआधी झालेला मुलगा, म्हणजे कानीन, हा आईशी पुढे विवाह करणाऱ्या पुरुषाचा पुत्र, असे शास्त्र जाणणारे मानतात, म्हणून तू पांडूचा पुत्र आहेस, थोरला आहेस, राजा तू होशील आणि युधिष्ठिर तुझा युवराज होईल. पांडूने कुंतीला पुत्रांचे प्रकार सांगितले तेव्हाही त्यात कानीन होताच.

पण शास्त्रकारांत येथे एकमत नाही. मनू कानीनाला विवाह करणाऱ्याचा मानतो खरा, पण ज्यांना दाय मिळत नाही अशा सहा प्रकारांत बसवतो. याज्ञवल्क्य तर त्याला आईच्या वडिलांचा पुत्र मानतो. त्या हिशेबाने कर्ण कुंतिभोजाच्या घरचा ठरतो आणि हस्तिनापुराशी त्याचा संबंध राहत नाही.

दुसरे असे की कृष्णाने सांगितलेला नियम खरा धरला, तर तो दोन पिढ्या मागेही लावावा लागेल. व्यास हा सत्यवतीचा लग्नाआधीचा मुलगा. मग तो शंतनूचा पुत्र नव्हे काय? सत्यवती त्याला नियोगासाठी बोलावते तेव्हा हा आधार घेत नाही. भीष्म जसा बापाकडून विचित्रवीर्याचा भाऊ तसा तू आईकडून, एवढेच ती म्हणते. तिला व्यासाकडून नातू हवे होते, व्यासाला गादीवर बसवायचे नव्हते, म्हणून तिने गरजेपुरतेच नाते पुढे केले असे मला वाटते.

कर्णाने दिलेले उत्तर मात्र सगळ्या शास्त्राच्या पलीकडचे आहे. हे युधिष्ठिराला सांगू नकोस, म्हणाला. त्याला कळले तर तो राज्य घेणार नाही, आणि मला मिळाले तर मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन.

प्रतिसाद ८: नवी सभासद

मी पहिल्यांदाच लिहिते आहे. युद्धानंतर युधिष्ठिर भीमाला युवराज करतो, पण शेवटी गादीवर बसतो तो अर्जुनाचा नातू परीक्षित. भीमाची शाखा कोठे गेली? आणि अर्जुनाचा मुलगा बभ्रुवाहन तेव्हा हयात होता. नातवाआधी मुलगा यायला नको का?

प्रतिसाद ९: संहितावाचक

भीमाचे युवराजपद हे त्याच्या हयातीपुरते होते आणि पाचही भाऊ एकत्रच निघून गेले, त्यामुळे ते अमलात येण्याचा प्रसंगच आला नाही. द्रौपदीचे पाचही मुलगे अश्वत्थाम्याने रात्रीच्या हल्ल्यात मारले होते, घटोत्कच युद्धातच पडला होता. परीक्षित जन्मला तेव्हा त्याचा बाप अभिमन्यू मरून गेलेला होता. जाताना युधिष्ठिराने हस्तिनापूर परीक्षिताला दिले, इंद्रप्रस्थी यादवांचा वज्र बसवला आणि राज्याची देखभाल युयुत्सूवर सोपवली. युयुत्सू हा धृतराष्ट्राचाच, वैश्य स्त्रीपासून झालेला मुलगा. त्या घराण्यातला उरलेला एकटा पुत्र शेवटी पांडवांच्या नातवाचा राखणदार झाला.

बभ्रुवाहनाचे उत्तर लग्नाच्या कराराकडे नेते. मणिपूरच्या राजाला एकच मुलगी होती आणि तिच्या पोटी होणारा मुलगा आपल्या वंशाचा धरला जाईल, या अटीवर त्याने अर्जुनाला ती दिली. याला पुत्रिकापुत्र म्हणतात. त्यामुळे बभ्रुवाहन रक्ताने अर्जुनाचा असूनही हक्काने आजोबांचा. या राज्यात अशा अटींचे वजन फार होते. शकुंतलेने दुष्यंताला माझाच मुलगा युवराज होईल या अटीवर वरले, आणि दाशराजाची अट वर आलीच आहे.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. भाच्यासाठी वंशावळ पुन्हा नव्याने काढली. दुर्योधनाच्या नावाचा कंस काढून टाकला आहे आणि तेथे प्रश्नचिन्ह केले आहे. वकीलसाहेबांनी सांगितलेले जन्माआधी उघडलेल्या वारशाचे कारण त्याला समजावून सांगितले, आणि ते त्याला अर्धेच पटले.

बाह्लीकाची रेघ पूर्वी मी ओढलीच नव्हती. ती ओढताना लक्षात आले की विचित्रवीर्य निपुत्रिक गेल्यावर प्रतीपाच्या बीजाची सरळ शाखा हस्तिनापुरात भीष्माशिवाय उरली नव्हती, पण बाह्लीकाकडे ती शाबूत होती: बाह्लीक, त्याचा मुलगा सोमदत्त, त्याचा मुलगा भूरिश्रवा. नियोगाचा विचार चालला होता तेव्हा या शाखेकडे कोणी वळून पाहिले नाही, आणि त्यांनीही कधी हक्क सांगितला नाही. एकदा अनुज्ञा दिली ती दिली. पुढे तिघेही कौरवांच्या बाजूने लढायला आले. चौदाव्या दिवशी सूर्यास्तापूर्वी भूरिश्रवा पडला, त्याच रात्री सोमदत्त पडला, आणि ज्याच्या संमतीने शंतनू राजा झाला होता तो म्हातारा बाह्लीक त्याच रात्री भीमाच्या गदेने पडला. पानाची उजवी कड तेथे संपते, म्हणून भूरिश्रव्याचे नाव मला उभे लिहावे लागले.